‘नेट गेलं’ म्हणजे नेमके काय गेले?

आमच्या गावात, आणि मला वाटते आमच्या महाविद्यालयातही, अलीकडे एक वाक्य फार सोयीचे झाले आहे. ते म्हणजे ‘नेट गेलं’. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे थेट प्रक्षेपण अर्ध्यावर थिजले, तेव्हा सूचना फलकावर ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असे दोन शब्द लागले आणि विषय संपला. ज्यांचे आईवडील दूरगावी मोबाईल धरून बसले होते त्यांनाही हेच सांगण्यात आले. अडचण कोणती, कोठे होती, ती पुढच्या वर्षी येऊ नये म्हणून काय करायचे, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. परंतु मला त्या दोन शब्दांचा राग आला, आणि तो का आला हे सांगण्यासाठी हा लेख.

मी द्वितीय वर्ष कला वर्गाची विद्यार्थिनी. विषय मराठी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तेव्हा संगणकाविषयी मी लिहावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल, प्राध्यापकवर्गाने क्षमा करावी. पण जे मी हाताने केले आहे तेवढेच लिहिणार आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात डोंगराच्या कडेला आहे. हनुमान जयंतीला धरून अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा नियम. रात्रंदिवस कोणी ना कोणी वीणा गळ्यात घेऊन उभा असतो, त्याला पहारा म्हणतात, आणि पहारे घराघरांत वाटून दिलेले असतात. आमच्या घराचा पहारा रात्री दोन ते चारचा. पूर्वी तो आण्णा करीत. आण्णा म्हणजे माझे वडील. ते वाशीच्या फळबाजारात माथाडी कामगार आहेत. आता चैत्र म्हणजे हापूसचा ऐन हंगाम. गाड्यांवर गाड्या येत असतात, त्या दिवसांत सुट्टी मागणे म्हणजे दोन महिन्यांची कमाई सोडणे. सबब गेली कित्येक वर्षे आण्णांना सप्ताह चुकतो. आमच्याच गावचे असे साठ-सत्तर पुरुष मुंबईच्या बाजारांत आहेत.

म्हणून २०२४ साली सप्ताह कमिटीने ठरविले की काल्याचे कीर्तन यूट्यूबवर थेट दाखवायचे. आमचे घर मंदिरासमोर, माडीच्या खिडकीतून मंडप पूर्ण दिसतो, आणि घरात माझ्यासाठी घेतलेला जुना संगणक होता. सहाव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी मेमरी. पुण्याच्या माझ्या चुलतभावाने ओबीएस स्टुडिओ हा मोफत मिळणारा प्रोग्राम त्यावर बसवून दिला, सगळी मांडणी करून दिली, आणि परीक्षा असल्यामुळे तो निघून गेला. बटण दाबायचे काम माझ्याकडे आले.

काय झाले ते लांबण लावीत नाही. महाराज उभे राहिले, अभंगाला चाल लागली, आणि दहाव्या मिनिटाला वाशीहून फोन सुरू झाले. “आगं, म्हाराज थिजल्यागत दिसत्यात.” “टाळ वाजतुय एकीकडं अन् हात हलतुय दुसरीकडं.” वीस मिनिटांनी सगळेच बंद पडले. दहीहंडी फुटली तेव्हा वाशीत पडद्यावर एक चक्र फिरत होते. मंडपात कमिटीतले एक वडीलधारे सर्वांदेखत म्हणाले, “पोरीच्या हातात दिलं, दुसरं काय व्हायचं?” माझे चुलते, तात्या, मध्ये पडले, “नेट गेलं, तिचा काय दोष?” तात्यांनी मला वाचविले खरे, पण खरे सांगायचे तर मला त्या सुटकेचेही वाईट वाटले. नेट गेले नव्हते. त्याच वेळी मंडपात दहा-बाराजण मोबाईलवर स्टेटस टाकीत होते आणि ते जात होते!

यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी संगणकासमोर बसले, आणि माझ्या लक्षात आले की ज्याला आपण ‘नेट गेलं’ म्हणतो ते एक दुखणे नसून निदान तीन निरनिराळी दुखणी आहेत आणि तिन्हींची लक्षणे पाहणाऱ्याला सारखीच दिसतात. चित्र अडखळते. बस्स.

थोडे समजावून सांगते. थेट दिसणारे चित्र म्हणजे सेकंदाला तीस किंवा साठ स्थिर चित्रे, त्यांना फ्रेम म्हणतात. एकेका फ्रेमची घरच्या संगणकात तीन ठिकाणी कामे होतात. आण्णांच्या बाजारातले उदाहरण घेतले की मला ते चटकन कळते. एक माणूस खोके भरतो. दुसरा त्याला पट्टी मारून घट्ट बांधतो. तिसरा उचलून टेम्पोत चढवितो. कॅमेऱ्याचे चित्र, वरची अक्षरे, खालची पट्टी हे सारे जुळवून एक फ्रेम तयार करणे म्हणजे खोके भरणे, ते काम ग्राफिक्सचे. ती फ्रेम दाबून लहान करणे, म्हणजे एन्कोडिंग, हे पट्टी मारणे. आणि ती इंटरनेटवरून वर पाठविणे म्हणजे टेम्पोत चढविणे. आता टेम्पो कमी भरून गेला, तर दोष तिघांपैकी कोणाचा? दुकानदाराला नुसते कमी खोके दिसतात. तो म्हणणार, टेम्पोवाला चोर.

ओबीएसमध्ये ‘स्टॅट्स’ नावाची एक छोटी खिडकी आहे. तिच्यात तीन ओळी निरनिराळ्या दिलेल्या आहेत: रेंडरिंगमध्ये हुकलेल्या फ्रेम्स, एन्कोडिंगमध्ये वगळलेल्या फ्रेम्स, आणि नेटवर्कमुळे टाकून दिलेल्या फ्रेम्स. तिघा हमालांची तीन खाती! ही खिडकी काल्याच्या दिवशीही तेथेच होती. मी ती उघडली नव्हती इतकेच.

आम्हाला भारतीय साहित्यशास्त्र शिकविताना सरांनी मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तला दोषविचार सांगितला होता. कविता बिघडली असे मोघम म्हणून भागत नाही. दोष पदात आहे, वाक्यात आहे, अर्थात आहे की रसात, ते दाखवावे लागते. वर्गात हे ऐकताना मला जांभई आली होती, हे कबूल करते. दिवाळीत त्या तीन ओळींकडे पाहताना मात्र मला मम्मटाची आठवण झाली. आणि म्हणून आमच्या काही मित्रमैत्रिणींचे जे म्हणणे असते, की हे सायन्सवाल्यांचे काम, कलाशाखेच्या मुलांनी त्यात पडू नये, ते मला मुळीच पटत नाही. दोष कोठे आहे ते न पाहता निकाल देऊ नये, ही शिस्त आपल्याला तीन वर्षे शिकवितात ती कशासाठी?

असो. मी एक वही केली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरविले. दोन बदलल्या आणि बरे झाले तर कोणत्या औषधाने बरे झाले ते कळत नाही. प्रक्षेपण खासगी ठेवून चाचणी घेता येते, गावाला कळतही नाही. प्रत्येक चाचणी अर्धा तास. नेटचा वेग मोजणारी पाने काही सेकंदांचा वेग मोजतात, आणि कीर्तन काही सेकंदांचे नसते.

पहिल्या संध्याकाळी भावाचीच मांडणी ठेवून पाहिली. नेटवर्कच्या ओळीत शंभरातल्या एकतीस फ्रेम्स टाकलेल्या. मला आनंदच झाला, चोर सापडला म्हणून. आमचे राउटर खाली सोप्यात आणि संगणक माडीवर, मध्ये दगडी भिंत. वायफायचा विश्वास धरण्यात अर्थ नव्हता. शिष्यवृत्तीच्या पैशांतून तीस मीटर केबल आणली आणि जिन्यावरून ओढली. आई म्हणाली, “त्या पैशात तुझी पुस्तकं यायची की गं.” पुन्हा चाचणी. एकतीसचे एकोणीस झाले. सुधारले, पण हे काही बरे होणे नव्हे.

मग वेग पाहिला. आमच्या कनेक्शनच्या पावतीवर ‘५० एमबीपीएस’ छापलेले आहे. त्यातली गोम अशी की तो आकडा खाली येण्याचा. आपण सिनेमा पाहतो तेव्हा माल खाली येतो. प्रक्षेपण करतो तेव्हा वर जातो. वर जाण्याचा आमचा वेग दुपारी नऊ, आणि रात्री आठनंतर, गावातले सगळे टीव्ही-मोबाईल लावून बसले की चार. भावाने लावलेला बिटरेट होता ६०००, म्हणजे सहा. चारच्या वाटेवरून सहाचा माल जाणार कसा? तो बिटरेट त्याने गेम खेळणाऱ्या मुलांच्या मांडणीवरून घेतलेला. त्यांना ठीक. मी आता हिशेब असा ठेवते की सर्वांत वाईट वेळेला जो वेग मिळतो त्याच्या शंभरातले सत्तरच वापरायचे. चारचे सत्तर टक्के दोन पूर्णांक आठ. म्हणून चित्राला २५०० आणि आवाजाला १२८. नेटवर्कची ओळ जवळजवळ शून्यावर आली.

आणि चित्र तरीही अडखळत होते!

त्या रात्री मी रडायच्या बेतात होते. चोर धरला, त्याला दंड केला, आणि चोरी चालूच. मग दुसरी ओळ वाचली. एन्कोडिंगमध्ये शंभरातल्या चाळीस फ्रेम्स वगळलेल्या. म्हणजे टेम्पोवाला रिकामा उभा आणि पट्टी मारणाऱ्याचे हात चालत नाहीत. पाहते तो भावाने चित्र १०८० चे, सेकंदाला साठ फ्रेम्स, आणि एन्कोडिंगची पायरी ‘स्लो’ ठेवलेली. ‘स्लो’ने चित्र चांगले येते, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. त्या पायरीवर प्रोसेसर एकेका फ्रेमवर अधिक मेहनत घेतो म्हणून ते चांगले येते. पण एवढी मेहनत साठ वेळा सेकंदाला करणे आमच्या आय-थ्रीच्या आवाक्याबाहेरचे होते. १०८० च्या एका फ्रेममध्ये वीस लाख त्र्याहत्तर हजारांवर ठिपके असतात, ७२० च्या फ्रेममध्ये नऊ लाख एकवीस हजार सहाशे. मी ७२० केले, साठचे तीस केले, ‘स्लो’चे ‘व्हेरीफास्ट’ केले (एकेक करून, वहीत लिहीत). ती ओळ शून्य झाली. प्रोसेसरातच एन्कोडिंगसाठी एक वेगळा भाग असतो, ‘क्विक सिंक’ म्हणतात, त्याच्याकडे काम दिले तर उरलेल्या प्रोसेसरला आणखी उसंत मिळते, हे नंतर कळले.

तिसऱ्या ओळीची हकीकत थोडी हास्यास्पद आहे. अधूनमधून रेंडरिंगमध्ये फ्रेम्स हुकत. कारणे दोन निघाली. एक, मी स्वतःचेच प्रक्षेपण त्याच संगणकावर दुसऱ्या खिडकीत लावून पाहत बसायची, नीट चालले आहे ना म्हणून! दुसरे, पडद्याच्या तळाला देणगीदारांच्या नावांची सरकती पट्टी होती. पहिले मी बंद केले. दुसरे बंद करण्यासाठी मला कमिटीच्या बैठकीत उभे राहावे लागले. देणगीदारांची नावे काढायची म्हणजे गावात केवढा अनर्थ! शेवटी असे ठरले की नावे कीर्तनाच्या आधी पाच मिनिटे आणि नंतर पाच मिनिटे स्थिर पानावर दाखवायची. प्रत्येक नाव सरकत जाण्यापेक्षा उभे राहिलेले बरे, हा तात्यांचा मुद्दा सगळ्यांना पटला.

येथे मला एक मत मांडायचे आहे, आणि स्नेहसंमेलनाच्या मंडळींनी ते ऐकावे अशी विनंती आहे. आपल्याला ‘एचडी’चा फार मोह आहे. पत्रिकेवर ‘एचडी थेट प्रक्षेपण’ छापले की आयोजकांची छाती फुगते. परंतु पाहणारा कोण, तो कशावर पाहतो, याचा विचार कोणी करीत नाही. आण्णा सहा इंची मोबाईलवर, गाळ्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पाहतात. त्यांना १०८० आणि ७२० यांतला भेद दिसणार नाही. अडखळलेले मात्र दिसते. आपण जो दर्जा म्हणतो तो पुष्कळदा पाहणाऱ्यासाठी नसून दाखविणाऱ्याच्या मानासाठी असतो.

आणि त्याहून महत्त्वाचे, चित्रापेक्षा आवाज मोठा. वाट तुंबली म्हणजे ओबीएस काय करते हे मला कळले तेव्हा मी थक्क झाले. साधारण पाऊण सेकंदाचा माल साठून राहिला की ते फ्रेम्स टाकून द्यायला लागते, पण सरसकट नव्हे. ज्यांच्यावर दुसऱ्या फ्रेम्स अवलंबून नाहीत त्या आधी टाकते. ठराविक अंतराने येणाऱ्या पूर्ण फ्रेम्स राखते. आणि आवाज मुळीच टाकीत नाही. कोणीतरी तो प्रोग्राम लिहिताना ठरविले असेल, की तोंड दिसले नाही तर चालेल, बोलणे तुटता कामा नये. आपण मात्र कॅमेरा कोणता याची चर्चा तासभर करतो आणि आवाजासाठी खिडकीतला माईक चालवून घेतो, ज्यात महाराजांपेक्षा पंखा अधिक ऐकू येतो. २०२५ साली आम्ही साउंडवाल्या दादांकडून थेट तार घेतली. त्यांनी चहाखेरीज काही मागितले नाही.

२०२५ चा सप्ताह नीट पार पडला. काल्याच्या दिवशी वायफाय मी चक्क बंद ठेवले, कारण आदल्या वर्षी आलेल्या पाहुण्यांचे अकरा मोबाईल आमच्या वायफायला जोडलेले होते आणि त्यांचे व्हिडिओ त्याच अरुंद वाटेने वर जात होते, हेही वही लिहिताना ध्यानात आले होते. आत्या रागावली, “घरी आल्याल्या पावण्याला नेट बी द्यायचं न्हाई व्हय?” तिला मी नंतर दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. दोन तासांच्या कीर्तनात तिन्ही ओळी मिळून शंभराला एकही फ्रेम गेली नाही. मागच्या वर्षी जे वडीलधारे बोलले होते ते मंडपातून वर पाहून फक्त मान हलवून गेले. एवढ्यावर मी समाधान मानले.

पण एक आक्षेप आहे, तो टाळता येत नाही. आमच्याच आळीतले एक आजोबा म्हणाले, “घरबसल्या दिसाय लागलं तर गावाकडं कोण येतंय?” मी तेव्हा हसले. आण्णा येत नाहीत ते यूट्यूबमुळे नव्हे, हंगामामुळे, हे मला ठाऊक होते. परंतु २०२५ ला ठाण्याची दोन कुटुंबे, जी दरवर्षी येत, ती आली नाहीत. फोनवर म्हणाली, आम्ही सगळं बघितलं, फार छान दिसलं. आईने त्यांच्यासाठी धरलेली भाकरीची कणीक सांजेला गाईला घातली. आजोबांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे मला आता म्हणवत नाही. एवढेच म्हणेन की ज्याला येता येते त्याच्यासाठी हे प्रक्षेपण नाही, आणि कोणासाठी आहे हे यूट्यूबला निवडता येत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी आण्णांचा फोन आला. आदल्या संध्याकाळचे कीर्तन त्यांनी पाहिले होते. चांगले झाले वगैरे काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “दोन ते चारच्या पहाऱ्याला कोण उभं राहतंय आता?” मी म्हटले, “तात्या राहतात, आण्णा.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “त्या वेळंला चालू ठिवता येतंय का तुला?”

मी ठेवले. रात्री दोनला मंडपात एक ट्यूबलाइट, सतरंजीवर झोपलेली चार माणसे, आणि मधोमध तात्या वीणा घेऊन उभे. खिडकीत गार वारा येत होता. गाव झोपलेले असल्याने वाट मोकळी होती. तीन ओळींवर शून्य, शून्य, शून्य. तात्या पुटपुटत होते त्यातले फारसे ऐकू येत नव्हते, वीणेची तार मात्र लागत होती. प्रेक्षकांच्या आकड्यापुढे ‘१’ होता. तो चार वाजेपर्यंत ‘१’ राहिला. मध्ये एकदा, तीनच्या सुमारास, ‘०’ झाला. गाडी आली असेल. अर्ध्या तासाने पुन्हा ‘१’ झाला.